शंभरच्या आतला ताप

करीमभाईंनी थर्मामीटर माझ्या नाकासमोर धरला.

"वाचा मावशी. चष्मा नाय माझ्याजवळ, पण एवढं मलाबी दिसायलंय."

एकशे तीन पॉइंट चार.

पलंगावर त्यांची बायको हमिदाबी थंडीनं उडत होती. अंगावर तीन ब्लँकेटं होती, तरी दात वाजत होते. लोखंडी पलंग हलत होता आणि त्याला टेकलेला सलाइनचा स्टँड खणखण करत होता. दुपारचे सव्वादोन झाले होते. सकाळी सातला मी स्वतः तिचा ताप बघितला होता. नव्व्याण्णव पॉइंट सहा.

"हा थर्मामीटर कुठला?"

"मेडिकलमधून आत्ता आणला. नवा हाय. तुमचं मशीन खोटं बोलतंय, मावशी."

मी आमचा थर्मामीटर आणला. हमिदाबीचा दंड धरून काखेत लावला आणि हात दाबून ठेवला, कारण तो जागेवर राहत नव्हता. मिनिटभरानं मशीन वाजलं. एकशे तीन पॉइंट दोन.

आमचं मशीन चांगलं होतं. मग सकाळचा आकडा कुठून आला, ते मला तिथंच उभ्या उभ्या कळलं.

मी उमरग्याच्या एका खाजगी दवाखान्यात आया आहे. तीस वर्षांच्या वर झाली. शाळा चौथीपर्यंत. आकडे वाचता येतात, मराठी लिहिता येतं. पेशंटला पुसणं, चादरी बदलणं, बेडपॅन देणं, बाळंतिणीजवळ बसणं ही माझी कामं. सगळे मावशी म्हणतात. हमिदाबी तेवढी मला आक्का म्हणायची. करीमभाईंचं हायवेवर टायरचं दुकान आहे. दोघांना मी पूर्वीपासून ओळखते.

हमिदाबीच्या लिव्हरमध्ये लिंबाएवढी गाठ निघाली होती. कॅन्सरची. जुन्या काविळीनं लिव्हर आधीच खराब झालेलं, म्हणून गाठ कापून काढता येत नव्हती. सोलापूरच्या हॉस्पिटलात ती जाळली. जाळली म्हणजे काय, ते मी आमच्या डॉक्टरांना विचारलं होतं.

"पोट फाडत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "सोनोग्राफीवर बघत बघत एक लांब सुई बरगड्यांमधून थेट गाठीत घालतात. सुईच्या टोकाला करंट सोडतात. गाठ आतल्या आत शिजते."

"आणि शिजलेली गाठ?"

"तिथंच राहते. शरीर तिचा हळूहळू व्रण करून टाकतं."

"न्हाई केला तर?"

"मावशी, तुमच्या तोंडून एक चांगलं निघत नाही," असं म्हणून ते हसले. पण सांगितलं. कधी आत रक्त सुटतं. कधी शेजारचं आतडं किंवा पित्ताशय भाजतं. करंट बाहेर पडायला मांड्यांना चिकट पट्टे लावतात, त्यांच्याखाली कातडी भाजते. हमिदाबी पुरुष डॉक्टरला मांडी दाखवणार नव्हती, म्हणून ते बघायचं काम माझ्याकडं आलं. मी बघितलं. डाव्या मांडीवर पुसट लाल खूण होती, बाकी काही नव्हतं.

"आणि चौथी भानगड म्हणजे पू," डॉक्टर म्हणाले. "मेलेल्या मांसात जंतू वाढतात. हिच्यात जास्त भीती. हिची पित्ताची नळी खड्यामुळं अडली होती, तेव्हा ऑपरेशन करून ती आतड्याला जोडलेली आहे. आतड्यातले जंतू त्या वाटेनं सरळ लिव्हरपर्यंत चढू शकतात."

सोलापूरच्या कागदावर दोन ओळी मराठीत लिहिल्या होत्या. पहिली, आठवडाभर बारीक ताप येऊ शकतो, घाबरू नये. दुसरी, ताप एकशे एकच्या वर गेला किंवा थंडी वाजली तर लगेच कळवावे. गाठ जाळल्याच्या सातव्या दिवशी ती आमच्याकडं ॲडमिट झाली. अन्न जात नव्हतं, अंग कणकणत होतं. घरात बघायला कुणी नव्हतं, सून बाळंतपणाला परंड्याला माहेरी गेलेली. सलाइन लावू, दोन-तीन दिवस ठेवू, असं ठरलं.

आता माझ्या कामाची रीत सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडं ताप सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला बघतात, कारण त्यानंतर डॉक्टरांचा राऊंड असतो. मी नवी लागले तेव्हा दवाखान्यात एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. त्यांनी मला शिकवलं, राऊंडला पेशंट घाण दिसता कामा नये. म्हणून मी आधी ओल्या फडक्यानं पेशंटचं अंग पुसते. तोंड, मान, छाती, काखा. पावडर लावते, केस विंचरते, चादर बदलते. सगळं झालं की मग थर्मामीटर लावते. आकडा मोठ्यानं सांगते आणि सिस्टर चार्टवर लिहिते. थर्मामीटर सिस्टरनंच लावायचा असतो. पण आमच्याकडं एका पाळीला एकच सिस्टर. तिला इंजेक्शनं, सलाइनं, बाळंतपणं सगळं बघावं लागतं. म्हणून ती दारातूनच विचारते, "मावशी, किती?" आणि मी सांगते.

हमिदाबीला तापाची गोळी लिहून दिली होती. त्यातली एक पहाटेची, एक संध्याकाळी पाचची. गोळी पोटात गेल्यावर मी गार पाण्यानं काखा पुसायचे आणि त्या गार काखेत थर्मामीटर लावायचे. असा माझा आकडा निघायचा. तीन दिवस, दिवसातून दोनदा. शंभरच्या वर एकदाही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला थंडी वाजली होती. मी बघितली. ब्लँकेट घातलं. हमिदाबी म्हणाली, "कालबी आली होती गं आक्का. जाती आपोआप." मी पाळीवरच्या अनिता सिस्टरला सांगितलं. ती त्या वेळी एका बाळंतिणीत अडकलेली.

"सकाळी ताप किती होता?" तिनं विचारलं.

"नव्व्याण्णव आठ."

"मग खिडकी लावा. हवा गार हाय."

हवा गार होतीच, मार्गशीर्ष होता. मी खिडकी लावली. सिस्टरला पटलं, मलाही पटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसताना मात्र माझ्या हाताला कळलं होतं. फडकं पाठीवरून फिरवलं की लगेच कोमट व्हायचं. मी दोनदा पिळून घेतलं. मनात आलं, हिला बारीक ताप नाही. पण मशीननं नव्व्याण्णव सहा दाखवलं आणि मी गप्प बसले. कमी शिकलेल्या माणसाला मशीनच्या आकड्याची फार भीड असते. एवढी वर्षं माणसं पुसलेला माझा हात, आणि मी त्याचं ऐकलं नाही.

तर सव्वादोनला एकशे तीन. मी डॉक्टरांना बोलवायला धावले. त्यांनी येऊन पोट दाबून बघितलं. उजव्या बरगडीखाली हात लावताच हमिदाबी किंचाळली. बीपी एकशे दहा होतं. डॉक्टर केबिनमध्ये गेले आणि सोलापूरला फोन लावला. गाठ जाळणाऱ्या मॅडमनी फोन घेतला. डॉक्टरांनी स्पीकर लावून टेबलावर ठेवला, कारण हातानं ते चार्टचा फोटो काढून मॅडमना व्हॉट्सॲपवर पाठवत होते. अनिता सिस्टर शेजारी उभी होती. मी दारात.

"मॅडम, ताप आजच वर गेलाय. तीन दिवसांत शंभरच्या वर नव्हता. चार्ट पाठवलाय."

"बघितला," मॅडम म्हणाल्या. "चार्ट चांगलाय. म्हणजे ही पहिलीच वेळ. बीपी?"

"एकशे दहा."

"मग इंजेक्शन अँटिबायोटिक चालू करा, आजचा दिवस बघा. उद्या सकाळी तिथंच सोनोग्राफी करून मला कळवा."

"ठीक आहे मॅडम."

मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. कागदावर सगळं नीट होतं. हेही लिहून टाकते की त्या घटकेला मला आधी हमिदाबीची भीती वाटली नाही. माझीच वाटली. साठी उलटलेली बाई, नवरा नाही, लेक तिच्या घरी. या वयात हाकललं तर दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात फडकं मारायलाही कुणी ठेवणार नाही. एवढा सगळा हिशेब मी दारात उभी राहून केला.

वॉर्ड केबिनला लागून आहे. इतका वेळ तिकडून त्या स्टँडची खणखण ऐकू येत होती. ती एकदम थांबली.

मला वाटलं, गेली.

"डॉक्टर, तो कागद खोटा हाय," मी म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली. "काय?"

"म्या आधी अंग पुसते. गार पाण्यानं, काखासुद्धा. मग मशीन लावते. गोळीबी आधीच दिलेली असती. ताप रोज होता. थंडी आज न्हाई, परवापास्नं वाजायली."

फोनमधून मॅडमचा आवाज आला, "कोण बोलतंय?"

"आमच्या मावशी," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

"मावशी, जवळ या. थंडी किती वेळ राहते?"

"अर्धा तास. पलंग हलतो."

"रोज?"

"रोज दुपारी. परवाची तिनंच सांगितली. कालची न् आजची म्या बघितली."

"अंगाला हात लावल्यावर कसं लागतं?"

"आज सकाळी पुसताना फडकं गरम झालं."

"आणि चार्टवर किती लिहिलंय?"

"नव्व्याण्णव सहा."

मॅडमनी जास्त वेळ घेतला नाही. "डॉक्टर, उद्याची वाट बघू नका. तीन दिवस थंडी म्हणजे आत पू आहे असंच धरा. आत्ता निघा. इंजेक्शन देऊनच गाडीत घाला. मी सीटीची तयारी करून ठेवते."

फोन बंद झाला. डॉक्टर माझ्यावर ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही, मला ते लागू होतं. अनिता सिस्टरचा चेहरा चुन्यासारखा झाला होता आणि ती चार्टकडं बघत होती. तेव्हा मला वाटलं, ती हमिदाबीसाठी घाबरली.

हमिदाबी गेली नव्हती. थंडी थांबून घाम सुटला होता. उशी भिजली होती, नखं निळसर झाली होती. बीपी आता नव्वदच्या खाली. डॉक्टरांनी स्वतः दुसऱ्या हाताला सुई लावली, इंजेक्शनं दिली. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा साडेतीन झाले होते. बाई माणूस बरोबर हवं म्हणून मी चढले. मला कुणी चढ म्हटलं नाही, उतर म्हणूनही कुणी म्हटलं नाही.

उमरगा ते सोलापूर रस्ता मी लग्नाला, बाजाराला किती वेळा गेले असेन. त्या दिवशी तो संपेना. नळदुर्गच्या अलीकडं उसाचे ट्रॅक्टर लागले. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. ड्रायव्हर सायरन वाजवतोय आणि ट्रॅक्टरवाल्याच्या गाण्यापुढं त्याला ऐकू जात नाही. ॲम्ब्युलन्समधला सलाइनवाला माणूस दर पाच मिनिटांनी बीपी बघायचा. आधी तो आकडा मोठ्यानं सांगत होता. मग सांगायचा बंद झाला. मी विचारलंही नाही.

हमिदाबी बरळायला लागली. मला ओळखेना. "अम्मीला सांगा, चूल बघ म्हणावं," असं काहीतरी. तिची अम्मी मरून कैक वर्षं झाली. मी तिचा हात धरला होता. तो आता गरम नव्हता, गार आणि ओला होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

करीमभाई तिच्या पायाशी बसले होते. ओठ हलत होते, दुआ म्हणत असावेत. नळदुर्ग मागं पडल्यावर ते थांबले.

"मावशी, डॉक्टर तुमच्यावर का वरडले?"

मी सांगितलं. जसं होतं तसं.

ते म्हणाले, "म्हंजे मी मेडिकलला गेलो नसतो तर?"

"तर उद्या सकाळी सातला म्या पुन्हा नव्व्याण्णवच सांगितलं असतं."

"या अल्ला," एवढंच म्हणाले. शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं.

सोलापुरात गाडी थांबायच्या आत स्ट्रेचर आलं. तिला सरळ सीटीला नेलं. मी आणि करीमभाई बाहेर बाकावर. मला लघवीला जायचं होतं, पण मी उठले नाही. उठले आणि तेवढ्यात कुणी बाहेर येऊन काही सांगितलं तर, असं वाटत होतं. दार उघडलं की दोघांचीही मान वर जायची. दोनदा दुसऱ्याच कुणाला बोलवलं.

शेवटी मॅडम आल्या. वयानं माझ्या लेकीएवढ्या.

"जिथं गाठ जाळली तिथंच पू झालाय. मुठीएवढा. रक्तातही उतरलाय. आता सोनोग्राफीवर बघत सुई घालून तिथं नळी ठेवते. नळीतून पू बाहेर येईल. बीपी फार कमी आहे, त्यामुळं काही सांगता येत नाही. सही कोण करणार?"

करीमभाईंनी सही केली.

तासाभरानं मॅडम पुन्हा बाहेर आल्या. कपाळावर घाम होता. "नळी बसली. पू खूप निघाला. आता रात्र आणि उद्याचा दिवस बघायचा." मग माझ्याकडं वळल्या. "फोनवर बोलणाऱ्या मावशी तुम्हीच ना? मी उद्या सकाळी सोनोग्राफी सांगितली होती. उद्या सकाळी सुई घालायला पेशंट उरला नसता."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मी थकलेय. त्यांनी मला चहा पाजला.

हमिदाबी पाच दिवस आयसीयूत होती. त्या पाच दिवसांत दवाखान्यातला फोन वाजला की माझ्या हातातलं भांडं तसंच राहायचं. सहाव्या दिवशी तिला वॉर्डात आणलं. नळी महिनाभर पोटात होती. घरी आली तेव्हा तिची साडी अंगावर राहत नव्हती, इतकी वाळली होती. पण आली. पुढच्या सीटीत जाळलेली गाठ मेलेलीच दिसली. लिव्हर खराबच आहे, दुसरी गाठ कधीही येऊ शकते, दर तीन महिन्यांनी तपासायला जाते. असं आहे ते.

इथवर ठीक झालं. मग करीमभाईंचा मोठा मुलगा पुण्याहून आला आणि त्यानं चार्टची झेरॉक्स मागितली. तक्रार करणार म्हणाला. बाप त्याला आवरत होता, तो ऐकत नव्हता. चार्टवर तीन दिवसांचे पाच आकडे होते आणि प्रत्येक आकड्यापुढं सही होती. अनिता सिस्टरची. तिची रजेवरची जोडीदारीण आली नव्हती, म्हणून दोन्ही पाळ्या तिनंच केल्या होत्या.

डॉक्टरांनी तिला काढलं.

मी केबिनमध्ये गेले. "डॉक्टर, चूक माझी. मला काढा."

"तुम्हाला कसं काढू, मावशी? आयानं ताप बघायचा नसतो. तुम्हाला काढलं तर मला लिहून द्यावं लागेल की माझ्या दवाखान्यात आया ताप बघते."

"पण बघते की."

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मी तेव्हाच काम सोडायला हवं होतं. सोडलं नाही. खायला लागतं. अनिता दोन लेकरांची आई, तिलाही लागत होतंच. तिला पुढं नळदुर्गला एका दवाखान्यात जागा मिळाली, पगार कमी. एकदा एसटी स्टँडवर भेटली. मी वाट अडवून उभी राहिले तेव्हा थांबली.

"मावशी, तुम्ही सांगितलं ते बरं केलं," ती म्हणाली. "बाई वाचली. पण रोज पुसून मग लावताय, हे मला आधी सांगायचं होतं."

"तुम्ही कधी विचारलं न्हाई."

"तुम्हीबी सांगितलं न्हाई," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

लोक मला म्हणतात, मावशी, तुम्ही खरं बोललात म्हणून बाई जगली. मी त्यांना सांगते, मी तीन दिवस उशिरा बोलले, आणि तेही करीमभाईंनी मेडिकलमधून मशीन आणलं म्हणून. आता ताप आधी बघतात आणि अंग मी नंतर पुसते. नवी सिस्टर चांगली आहे, धावपळीत असते. तीही कधी दारातून ओरडते, "मावशी, किती?" मी आकडा सांगत नाही. थर्मामीटर पेशंटजवळ ठेवते आणि म्हणते, "आत या, बाई. हात लावून बघा, मग लिहा."